काट्याची पावती आणि दुसरी डिस्क: नव्या सिस्टिमवाल्यासाठी बॅकअप-रेप्लिकेशन

गळीत हंगाम ऐन भरात होता. रात्री दोनच्या सुमाराला काटाघरातून फोन आला. "सर, चालू हंगामाच्या पावत्या दिसंनात." पोराचा आवाज कापत होता. मी म्हटलं, घाबरू नको, लातूरच्या ऑफिसात दुसरी प्रत आहे. लॅपटॉप उघडला, लातूरचं स्टोरेज पाहिलं, तर तिथंही टेबल रिकामं. जुन्या हंगामाच्या नोंदी काढायला बसलेल्या माणसाचं क्वेरीत वर्ष चुकलं होतं आणि आमच्या रेप्लिकेशननं, म्हणजे दुसऱ्या जागी सतत नक्कल करणाऱ्या सोयीनं, आपलं काम चोख बजावलं होतं. इकडं जे पुसलं गेलं, ते चाळीस सेकंदांत तिकडंही पुसून टाकलं.

वाचवलं ते बाराच्या स्नॅपशॉटनं, म्हणजे बारा वाजता डेटा जसा होता तशा जपलेल्या रूपानं. तो बाजूला माउंट करून, म्हणजे जोडून, तेवढं एक टेबल उचललं. बारा ते दोनच्या मधल्या पावत्या मात्र काटा क्लार्कच्या कार्बन कॉप्यांवरून हातानं भराव्या लागल्या. बाहेर ट्रॅक्टरांची रांग डांबरी रस्त्यापर्यंत गेली होती आणि चालक हॉर्न वाजवून आमची परीक्षा घेत होते.

तुम्ही वाळूजच्या एखाद्या कंपनीत, जालन्याच्या स्टील मिलमध्ये, लातूरच्या डाळ मिलमध्ये किंवा आमच्यासारख्या साखर कारखान्यात नुकतेच लागला असाल आणि पहिल्याच आठवड्यात कुणी "स्टोरेजचं तूच बघ आता" म्हणून किल्ली हातात दिली असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. उदाहरणं कारखान्याची आहेत, कारण माझे दिवस तिथंच जातात.

सुरुवातीला शब्दांचा घोळ मिटवा

चार गोष्टी लोक सर्रास एकाच नावानं बोलतात: "बॅकअप आहे ना?" आहे म्हणजे नेमकं काय आहे, ते विचारा.

रेड म्हणजे डिस्क मेली तरी काम चालू राहावं यासाठीची मांडणी. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ही कल्पना त्या नावानं मांडली. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी चालतं, रेड ६ मध्ये दोन. पण कुणी फाईल पुसली तर रेड ती सगळ्या डिस्कांवरून मिळून पुसतं. रेप्लिकेशन म्हणजे दुसऱ्या जागेच्या स्टोरेजवर सतत चालू राहणारी नक्कल. इमारतीला आग लागली तर ती उपयोगी पडते. चूक झाली तर तीही नक्कल होते, हे वर पाहिलंच. स्नॅपशॉट म्हणजे त्याच स्टोरेजवर जपलेला त्या क्षणाचा चेहरा. काढायला सेकंदही लागत नाही, कारण तो डेटा कॉपी करत नाही, जुने ब्लॉक फक्त मोडू देत नाही. स्टोरेजच गेलं तर स्नॅपशॉटही त्याच्याबरोबर गेला. आणि बॅकअप म्हणजे वेगळ्या डब्यात (स्टोरेजच्या यंत्राला मी डबाच म्हणतो), वेगळ्या ताब्यात ठेवलेली जुन्या तारखांची प्रत, जिच्यावरून कालच्याकडं, परवाच्याकडं, मागच्या महिन्याकडं जाता येतं.

मी नव्या पोरांना एवढंच सांगतो: रेप्लिकेशन काम चालू ठेवायला, बॅकअप मागं जायला. दोन्हींचा पैसा वेगळा मागा. एकाच्या पैशात दुसरं बसवायला गेलात की मंजुरीच्या मीटिंगमध्ये बॅकअपच कापला जातो, कारण रेप्लिकेशनचा स्क्रीन दिसायला झकपक असतो.

पहिलं काम वही-पेनाचं

कोणताही डबा विकत घ्यायच्या आधी दोन आकडे ठरवा. एक, किती वेळाचा डेटा गेला तरी सोसवेल. याला आरपीओ म्हणतात. दुसरा, बंद पडल्यावर किती वेळात परत उभं राहायला हवं. तो आरटीओ. (परिवहन ऑफिसाशी संबंध नाही. आमच्या ट्रॅक्टरवाल्यांपुढं हा शब्द काढला की ते कागदपत्रं चाचपू लागतात.)

हे आकडे साहेबांना विचारू नका. साहेब म्हणतील "शून्य", आणि शून्याचं कोटेशन पाहिल्यावर म्हणतील "राहू द्या". विचारा काटा क्लार्कला. आमचा हिशेब असा बसला. दिवसाला ५,००० टन गाळप, बैलगाडी-ट्रॅक्टर-ट्रक मिळून गाडीमागं सरासरी १० टन धरले तर दिवसाला ५०० गाड्या, तासाला वीस-एकवीस. प्रत्येक गाडीचं दोनदा वजन, भरलेलं आणि रिकामं. चार तासांचा डेटा गेला तर ऐंशीवर शेतकऱ्यांच्या पावत्या गेल्या. क्लार्क म्हणाला, "ऐंशी पावत्या हातानं भरीन हो, पण ऐंशी शेतकऱ्यांना कसं समजावू?" झालं. काट्यासाठी आरपीओ १५ मिनिटं, आरटीओ एक तास. पगारपत्रकाला आरपीओ एक दिवस चालतो. सीसीटीव्हीच्या फुटेजचं रेप्लिकेशन तर करूच नका, लाईन त्यातच भरून जाईल.

म्हणजे सगळ्या डेटाला एक माप लावू नका. तीन गट पुरतात: गेला तर फाटकावर भांडण होतं तो, गेला तर ऑडिटर भांडतो तो, आणि गेला तर कुणाला कळतही नाही तो. तिसऱ्या गटात निम्मं स्टोरेज निघतं.

ऑडिटरचा गट हलक्यात घेऊ नका. कंपनी कायद्याखाली हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून, ती संगणकावर ठेवत असाल तर त्यांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर आणि रोजच्या रोज असावा लागतो. आधी नियमात 'ठरावीक काळानं' असं मोघम होतं. जीएसटीची दफ्तरं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. त्यामुळं परदेशातलं स्वस्त क्लाउड कुणी दाखवलं तर पहिला प्रश्न जागेचा विचारा.

मग मोजमाप

दोन गोष्टी मोजा: एकूण डेटा किती, आणि रोज त्यातला बदलतो किती. दुसरा आकडा नसताना आलेलं कोटेशन म्हणजे विहीर न पाहता मोटर घेणं. आठवडाभर रोज इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदललेल्याची प्रत, घेऊन पाहिला की तो आपोआप कळतो.

समजा एकूण १२ टीबी, रोजचा बदल १५० जीबी. तीस दिवसांचे इन्क्रिमेंटल ठेवायचे तर साडेचार टीबी. पूर्ण प्रतीचे, म्हणजे 'फुल'चे, १२. नवा फुल बनत असताना जुना पुसता येत नाही, म्हणून आणखी १२. झाले साडेअठ्ठावीस. दोन-तीन वर्षांची वाढ धरून ४० मागा. विक्रेता म्हणेल, डीडुप्लिकेशननं, म्हणजे एकसारखे तुकडे एकदाच साठवून, वीसपट जागा वाचते. एकसारख्या पन्नास व्हर्च्युअल मशीनचे रोज फुल घेणाऱ्याकडं वाचतही असेल. स्कॅन केलेले सातबारे, फोटो, आधीच कॉम्प्रेस झालेल्या फाईली यांवर ते काही करत नाही. स्वतःच्या डेटावर चाचणी करून दाखवा म्हणा, आणि त्याचा आकडा लेखी मागा. बहुतेक वेळा आकडा तिथंच खाली येतो.

डब्यावर लिहिलेली जागा आणि हाती येणारी जागा यांतही फरक असतो. जायकवाडीचा एकूण साठा १०२ टीएमसीच्या पुढं, पण उपयुक्त साठा ७६ च्या आसपास, बाकीचा मृतसाठा. तसंच इथं. ८ टीबीच्या आठ डिस्क म्हणजे ६४ टीबी, रेड ६ मध्ये दोन पॅरिटीत, म्हणजे मेलेली डिस्क परत भरायच्या हिशेबात, गेल्या, राहिले ४८. त्यातही कारखानदार टीबी हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळं स्क्रीनवर दिसतील ४३.६. "चार टीबी कुठं गेले?" म्हणून पहिल्या दिवशी फोन करणारा मीही होतोच.

डबा कोणता आणि कुठं

बॅकअपच्या डब्याला महागड्या एसएसडी लागत नाहीत. ७,२०० फेऱ्यांच्या मोठ्या डिस्क चालतात. दोन गोष्टी मात्र पाहा. डिस्क सीएमआर (ट्रॅक शेजारी-शेजारी असलेली) आहे ना, हे मॉडेल नंबरवरून तपासा. एसएमआर डिस्कवर ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळं मधलं काही बदलायचं तर शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं, आणि रेडचा रिबिल्ड, म्हणजे मेलेल्या डिस्कच्या जागी नवी भरणं, तासांऐवजी दिवसांत जातो. दुसरं, मोठ्या डिस्कांना रेड ५ नको. ८ टीबीची डिस्क २०० एमबीच्या वेगानं भरायची म्हटली तरी अकरा तास लागतात, चालू कामाच्या ओझ्याखाली त्याहून कितीतरी जास्त. एवढा वेळ उरलेल्या सगळ्या डिस्क पळवायच्या आणि त्यांतली आणखी एकही मरू नये अशी आशा करायची, हे माझ्या स्वभावात नाही.

टेपचं काय? टेप मेलेली नाही. एलटीओ ९ च्या एका काड्यापेटीएवढ्या नाही, पण तळहातात मावणाऱ्या कार्ट्रिजमध्ये १८ टीबी बसतात, कपाटात ठेवली की वीजही खात नाही आणि व्हायरसही तिथं पोहोचत नाही. पण रात्री दोन वाजता एक टेबल परत हवं असेल तर टेप शोधा, लावा, गुंडाळा. शिवाय सर्व्हरकडून डेटा सावकाश आला की टेपचा ड्राइव्ह थांबतो, मागं जातो, पुन्हा धावतो, आणि झिजतो. म्हणून रोजचं डिस्कवर, वर्षाचं टेपवर, अशी वाटणी बरी.

जागेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इकडची खरी दुखणी पुस्तकात नसतात. मुख्य स्टोरेजच्याच रॅकमध्ये बॅकअपचा डबा ठेवू नका. निदान इमारत वेगळी हवी. आमच्याकडं मुख्य स्टोरेज प्रशासकीय इमारतीत, बॅकअप शेतकी विभागाच्या मागच्या खोलीत. कारखान्यात हवेत बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, बारीक भुकटी असते, ती पंख्यांच्या जाळीवर चिकटून नमदा बनते. हंगामात दर पंधरा दिवसांनी जाळी काढून झटका. मे महिन्यात बाहेर ४२-४३ असताना एसी बंद पडला तर खोली अर्ध्या तासात भट्टी होते, म्हणून तापमानाचा अलार्म मेलवर नको, फोनवर हवा. वळवाच्या पावसात वीज पडते तेव्हा इमारतींमधून जाणारी तांब्याची नेटवर्क केबल दोन्ही टोकांचे स्विच जाळते. दोन इमारतींमध्ये फायबरच टाका, त्यातून वीज जात नाही. आणि ते फायबर उंदरांना आवडतं, तेव्हा लोखंडी पाइपातून न्या. नांदेडसारख्या गोदाकाठच्या गावात असाल तर तळमजला विसरा.

पहिला फुल

बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी पहिली पूर्ण प्रत पडलेली असावी. १ जीबीपीएसच्या नेटवर्कवर प्रत्यक्ष वेग सेकंदाला ११० एमबी धरला तर १२ टीबीला तीस तास लागतात. हंगामात हे करायला गेलात तर काट्याचा स्क्रीन अडकतो आणि शिव्या तुम्हालाच पडतात. त्यानंतर रोज इन्क्रिमेंटल. बहुतेक सॉफ्टवेअर आता बॅकअपच्या डब्यातच जुना फुल आणि इन्क्रिमेंटल जोडून नवा फुल तयार करतात, त्याला सिंथेटिक फुल म्हणतात. सर्व्हरला त्रास नाही. आठवड्याला एक पुरे.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथं होते. चालू डेटाबेसच्या फाईली सरळ कॉपी करणं म्हणजे चालत्या ट्रकचं वजन घेणं. पुढची चाकं काट्यावर, मागची रस्त्यावर, आकडा येतो पण खोटा. फाईलचा पहिला भाग दहा वाजताचा आणि शेवटचा साडेदहाचा, असा तो बॅकअप असतो. विंडोजवर असाल तर व्हीएसएस (विंडोजचीच स्नॅपशॉटची सोय) वापरणारं सॉफ्टवेअर घ्या. ते डेटाबेसला क्षणभर "थांब, श्वास धर" म्हणतं आणि त्या क्षणाचा स्नॅपशॉट काढून मग कॉपी करतं. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल हे डेटाबेस असतील तर त्यांच्याच अवजारांनी डंप किंवा बेस बॅकअप (म्हणजे पूर्ण प्रत) काढा आणि व्यवहारांचे लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, वेगळे साठवत राहा. लॉग असले की अमुक वाजून अमुक मिनिटांपर्यंत आणून थांबवता येतं, म्हणजे चुकीच्या क्वेरीच्या एक मिनिट आधीपर्यंत. आमच्याकडं त्या रात्री हे लॉग असते तर कार्बन कॉप्या काढाव्या लागल्या नसत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू केले. टॅलीसाठी साधा नियम: कंपनी सगळ्यांनी बंद केल्यावर बॅकअप.

सॉफ्टवेअर कोणतं यावर मी भांडत नाही. व्हीम असो, बॅक्युला असो, छोट्या कामाला रेस्टिक किंवा बोर्ग असो. साध्या फाईलींना १९९६ पासूनचं आरसिंक आजही उत्तम आहे, फाईलचे बदललेले तुकडेच पाठवतं. फक्त त्याचा 'डिलीट' पर्याय समजून वापरा. तो लावला की मूळ जागेवर पुसलेलं नकलेतूनही पुसतो, आणि मूळ फोल्डर चुकून रिकामा दिसला तर नक्कलही रिकामी करतो.

दुसऱ्या गावाला

३-२-१ हा नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केला: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. त्यातल्या "दुसऱ्या जागी" वर थोडं थांबू. लातूर जिल्ह्यातला माणूस म्हणतो, धाराशिवला ठेवू, जवळ पडतं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्याकडच्या वयस्कांना विचारा. किल्लारीच्या भूकंपानं लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन्ही जिल्हे एकदमच हलवले. दुसरी जागा वेगळ्या तालुक्यात नव्हे, वेगळ्या संकटात हवी. वीज वेगळ्या उपकेंद्राची, नदी वेगळी, भूगर्भ वेगळा. आम्ही जवळची प्रत लातूर शहरात ठेवली आणि लांबची छत्रपती संभाजीनगरला.

आता सिंक्रोनस की असिंक्रोनस. सिंक्रोनसमध्ये दोन्हीकडं लिहून झाल्याशिवाय "लिहिलं" असं उत्तर येत नाही, म्हणून काहीच हरवत नाही. असिंक्रोनसमध्ये इथं लिहिलं की लगेच उत्तर, तिकडं मागाहून. लिनक्सच्या डीआरबीडीत (दोन सर्व्हरांच्या डिस्क सारख्या ठेवणारी सोय) याचे प्रोटोकॉल ए, बी, सी असे तीन प्रकारच आहेत: सी म्हणजे पलीकडच्या डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबणं, ए म्हणजे पाठवायला टाकलं की पुढं निघणं, बी मधला.

निवड अंतर करतं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे शंभर किलोमीटर जाऊन परत यायला एक मिलिसेकंद. लातूर ते छत्रपती संभाजीनगर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे निव्वळ प्रवासालाच अडीच मिलिसेकंद, आणि फायबर काही सरळ जात नाही. एसएसडीवरचं लिखाण मिलिसेकंदाच्या बारीकशा भागात उरकतं, त्याला दर वेळी एवढं थांबवलं तर डेटाबेस रेंगाळतो. म्हणून आवारातल्या दोन इमारतींत सिंक्रोनस, गावाबाहेर असिंक्रोनस. कुणी लांबवर सिंक्रोनस देतो म्हणाला तर लाईन तुटल्यावर काय होतं ते विचारा. एक तर तुमचं लिखाण थांबतं, नाहीतर ते गुपचूप असिंक्रोनस होतं.

लाईनचा हिशेबही आधीच. ५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी, तासाला साडेबावीस जीबी. रोजचे १५० जीबी पोहोचवायला पावणेसात तास. जमतं. पण पहिले १२ टीबी त्याच लाईनवरून पाठवायचे तर बावीस दिवस. म्हणून पहिली प्रत डिस्कवर घेऊन गाडीनं न्यायची, तिकडच्या डब्यात उतरवायची, आणि मग फक्त फरक पाठवायचा. याला सीडिंग म्हणतात. आमच्या सुपरवायझरला वाटलं जालन्याहून बियाणं येणार आहे. डिस्क मागच्या सीटवर फोममध्ये बांधून नेल्या, एन्क्रिप्ट करून. वाटेत ढाब्यावर मी एकदाही गाडीपासून लांब गेलो नाही.

असिंक्रोनस चालू झालं की रोज एकच आकडा पाहायचा: पलीकडची प्रत किती मिनिटं मागं आहे. तो तुमचा खरा आरपीओ. कागदावर १५ मिनिटं आणि स्क्रीनवर तीन तास असं दिसलं तर कागद खोटा.

आणि पलीकडची बाजू आपोआप मालक, म्हणजे मुख्य प्रत, होऊ देऊ नका. मधली लाईन तुटली की दोन्ही बाजूंना वाटतं, समोरचा मेला, आता मीच. दोन्हीकडं पावती क्रमांक १८,२४१ फुटतो, दोन वेगळ्या शेतकऱ्यांच्या नावानं. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. लाईन जोडली गेल्यावर कोणती खरी, हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. तिसऱ्या जागी एक छोटा साक्षीदार सर्व्हर ठेवा, किंवा सरळ माणसानं फोन करून, खात्री करून बटण दाबायचं. तासाभराच्या आरटीओत फोन करायला वेळ असतो.

डब्याला कुलूप

रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आत आलं की आधी बॅकअप शोधतं. बॅकअपचा डबा कंपनीच्या डोमेनमध्ये (सगळ्या यूजरांचा एकच सामायिक ताबा) असेल आणि अॅडमिनचा पासवर्ड तोच असेल, तर तो त्याच रात्री मूळ डेटाबरोबर कुलूपबंद होतो. म्हणून डब्याचे यूजर वेगळे, पासवर्ड वेगळा. सर्व्हरनं डब्याकडं ढकलण्यापेक्षा डब्यानं सर्व्हरकडून ओढून घ्यावं, म्हणजे सर्व्हर ताब्यात गेला तरी त्याला डब्यात लिहायचा हक्कच नसतो. डब्यात इम्युटेबल सोय असेल, म्हणजे ठरावीक दिवस मालकालाही पुसता येत नाही अशी, तर ती चालू करा आणि स्वतः अॅडमिन म्हणून लॉगिन होऊन एक जुना बॅकअप पुसायचा प्रयत्न करा. पुसला गेला तर ती सोय नावापुरतीच आहे. शिवाय महिन्यातून एक प्रत तारेपासून पूर्ण सुटी, कपाटात.

हल्ला झालाच, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणं कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावं लागतं आणि लॉग १८० दिवसांचे हवेत. हे लॉगही बॅकअपच्या यादीत घाला, बहुतेक जण विसरतात.

परत आणून पाहा

माझी सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट इथली आहे. हंगाम सुरू होताना कारखाना महावितरणच्या विजेवरून स्वतःच्या टर्बाइनवर जातो. त्या बदलात एकदा दिव्यांनी डोळा मारला आणि बॅकअपचा डबा रीस्टार्ट झाला. सर्व्हर त्याच्या आधीच उठला होता, त्याला डबा सापडला नाही, माउंट झालं नाही. पण माउंट करायचा रिकामा फोल्डर सर्व्हरच्या स्वतःच्याच डिस्कवर होता. रोज रात्री डंप त्या फोल्डरात पडत राहिला. रोज सकाळी मेल येत राहिला: यशस्वी. हिरवं चिन्ह. सहकारी म्हणायचा, "बॅकअप तर हिरवाच येऊ लागलाय ना." पाच आठवड्यांनी सर्व्हरचीच डिस्क भरली तेव्हा कळलं की आम्ही घरातलं धान्य घरातल्याच दुसऱ्या पोत्यात भरत होतो.

आता डब्यात एक छोटी खुणेची फाईल ठेवली आहे. ती दिसली नाही तर स्क्रिप्ट काम सुरूच करत नाही आणि फोनवर अलार्म येतो. शिवाय काल आणि आज पडलेल्या डंपच्या आकारात वीस टक्क्यांहून जास्त फरक असेल तरीही अलार्म.

हे फक्त आमच्यासारख्यांचंच होतं असं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यानं चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली, रेप्लिकेशनचीच अडचण सोडवताना. बॅकअप आणि रेप्लिकेशनच्या पाच तऱ्हा त्यांनी मांडल्या होत्या, त्यांतली एकही धड चालत नव्हती. रोजचा डंप आवृत्ती न जुळल्यानं बंद होता आणि तो बंद असल्याचे मेल वाटेतच नाकारले जात होते. सहा तास आधी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी काढलेला स्नॅपशॉट होता, म्हणून सहा तासांवर निभावलं. त्यांनी हे सगळं जाहीर लिहिलं, ही त्यांची थोरवी.

तेव्हा महिन्यातून एक दिवस ठरवा. आमच्याकडं पहिला मंगळवार. काटा क्लार्कला मागच्या महिन्यातल्या कोणत्याही एका पावतीचा क्रमांक विचारायचा. मग मुख्य सर्व्हरला हात न लावता, बाजूच्या एका मशीनवर बॅकअपमधून डेटाबेस उभा करायचा, ती पावती काढायची, छापायची आणि क्लार्ककडच्या कार्बन कॉपीशी ताडून पाहायची: गट नंबर, वजन, वेळ. सुरू केल्यापासून पावती छापेपर्यंत घड्याळ लावायचं. पहिल्या वेळी आम्हाला साडेचार तास लागले, तासाचा आरटीओ कागदावर असताना. त्यातले दोन तास तर लायसन्सची किल्ली शोधण्यात गेले, कारण ती ज्या मेलमध्ये होती तो मेल सर्व्हर त्याच बॅकअपमध्ये होता. आता चाळीस मिनिटांत होतं. वर्षातून एकदा, हंगाम संपल्यावर, काटाघर दिवसभर छत्रपती संभाजीनगरच्या प्रतीवर चालवून पाहायचं. आणि परत कसं यायचं तेही त्याच दिवशी करायचं. जाणं सगळ्यांना जमतं, परतताना दिवसभराचे बदल उलट दिशेनं आणायला लोक विसरतात.

डिस्कवरचा डेटा पडून पडूनही बिघडतो, एखादा बिट उलटा होतो आणि कुणाला कळत नाही. झेडएफएससारखी फाईल सिस्टिम असेल तर महिन्याला स्क्रब लावा, ती प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून पाहते. नसेल तर बॅकअप घेतानाच चेकसमची यादी वेगळी ठेवा.

शेवटचं काम दहा मिनिटांचं. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: काय आधी चालू करायचं, काय नंतर, डब्याचे आयपी, लायसन्सच्या किल्ल्या कुठल्या लिफाफ्यात, विक्रेत्याचा आणि लातूरच्या माणसाचा फोन, पलीकडची बाजू मालक करायची परवानगी कोण देणार. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. आमच्या कागदावर खाली पेन्सिलीनं लिहिलेली एक ओळ आहे, ती कुणी लिहिली ते मला माहीत आहे: "रॅकची किल्ली काटाघरात, खिळ्याला. रात्री साहेबांना उठवू नये."